सांडपाण्याची जुनी जागा कोणाची?

गागोदे बुद्रुक हे विनोबाजींचे जन्मगाव. मळ व सांडपाणी यांचे सोने कसे होते, हे कोकणास अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखताच्या प्रयोगांतून दाखविले. अशा मुलखात सांडपाणी मुरविण्याची एखादी जुनी जागा वापरातून गेली, तर ती केराने बुजवावी किंवा घरासाठी देऊन टाकावी, हे आम्हांस पटत नाही. भराव खचतो, आणि गावाची जमीन एकदा गेली की परत येत नाही.

मात्र लागवडीची घाई नको. तळाच्या गाळात जंतांची अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. गाळ उपसून विहिरीपासून दूर, उंचवट्यावर वाळवावा व किमान एक वर्ष पडू द्यावा. पावसाळ्यात तो झाकलाच पाहिजे. रायगडचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरातला, उघडा ढीग वाहून विहिरीत उतरण्यास वेळ लागत नाही. पुढे तेथे माड किंवा केळी लावाव्यात. मोरीवरच्या अळवाची आपणांस सवय आहे, हे खरे. तरी पालेभाजी तेथे नकोच.

निर्णय ग्रामसभेने घ्यावा, आणि त्या दिवशी पाणी भरणाऱ्या स्त्रियांना आवर्जून बोलवावे.