टिळकांचा रिकामा खिसा
नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामात रमले. ख्रिस्त भेटल्यावर या कवीला पैशाचं अप्रूप उरलं नाही. हाती येईल ते गरजवंताला देऊन मोकळे! त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आधी हसू येतं, मग लक्ष्मीबाईंची काळजी वाटते. चूल त्यांनाच पेटवायची असे ना! विरक्त माणसाच्या घरचा हिशेब दुसऱ्या कुणाला तरी ठेवावा लागतो, हे आपण सोयीनं विसरतो. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगारही सोडला, संन्यास घेतला, ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. १९१९ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरंच होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.