लाड सरांचे घर

सातपाटीहून दक्षिणेला थोड्याच अंतरावर असलेल्या माहीम गावचा शार्दूल ठाकूर आज सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या शाळेतील प्रशिक्षकाविषयी मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

दिनेश लाड स्वतः मुंबईच्या मैदानांवर खेळलेले. भारतीय संघापर्यंत ते पोहोचले नाहीत. पुढे बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये ते मुलांना क्रिकेट शिकवू लागले. १९९९ मध्ये त्यांना रोहित शर्मा दिसला. महिन्याची २७५ रुपये फी त्याच्या काकांना परवडणारी नव्हती. सरांनी संचालकांकडे शब्द टाकून ती माफ करविली. रोहित आला तो फिरकी गोलंदाज म्हणून. त्याच्यातील फलंदाज सरांना नंतर उमगला.

शार्दूलची हकीकत मला अधिक जवळची वाटते. २००६ च्या सुमारास बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून तो लाड सरांच्याच शाळेविरुद्ध खेळला आणि त्यांच्या नजरेत भरला. मुलाला आपल्या शाळेत घालावे, असे सरांनी सुचविले. वडील कचरले, आणि ते मला पूर्णपणे समजते. त्या काळी लोकल विरारपर्यंतच होती. डहाणूपर्यंत ती आली २०१३ मध्ये. पालघरला शटल पकडायची, विरारला गाडी बदलायची, मग अभ्यास केव्हा करायचा? तेव्हा सरांनी पत्नीला विचारून मुलाला स्वतःच्याच घरी ठेवून घेतले. त्यांचा मुलगा सिद्धेश, जो पुढे मुंबईच्या रणजी संघातून खेळला, त्याच्यासोबत शार्दूल तेथे राहिला.

बँकेत मी आयुष्यभर तारण पाहूनच कर्ज मंजूर केले. परक्याचे वाढत्या वयाचे मूल घरात आणणे, त्याचे जेवणखाण, दुखणेखुपणे, अभ्यास पाहणे, हा सारा व्यवहार विनातारण. त्याचा अधिक भार घरच्या गृहिणीवर पडला असणार. पण पुरस्कारांच्या यादीत तिच्यासाठी रकाना नसतो. लाड सरांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार जीवनगौरव गटात मिळाला. त्याच यादीत फुटबॉल प्रशिक्षक बिमल घोष यांचेही नाव होते.

जानेवारी २०२१ मधील ब्रिस्बेन कसोटीत शार्दूलने खाते उघडले तेच षटकाराने. ६७ धावा केल्या, सामन्यात ७ बळी घेतले. माझा मुलगा शेजारी बसून पाहत होता. दहावीच्या वर्षी त्याची बॅट मीच माळ्यावर टाकली होती. तो काही बोलला नाही, मीही नाही. त्या दिवशी चहा मात्र मी केला.