खेड्याचा कारभार, खेड्याचा अधिकार

इंग्लंडच्या चेशायर परगण्यातील हँडफोर्थ या गावच्या पॅरिश कौन्सिलची एक सभा २०२१ च्या फेब्रुवारीत जगभर गाजली. सभा दूरचित्रसंपर्काने भरली होती. तिच्या कामासाठी बोलावलेल्या अधिकारी बाईंना येथे काही अधिकार नाही, असे अध्यक्षांनी बजावले. बाईंनी अध्यक्षांनाच सभेबाहेर काढले. लोक हसले. परंतु अधिकार नेमका कोणाचा, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. इंग्लंडमधील सुमारे दहा हजार पॅरिश व टाउन कौन्सिलांपुढे तो वेगळ्या रूपाने उभा आहे.

१८९४ पूर्वी इंग्लिश खेड्याचा कारभार जमीनदार आणि पाद्री यांच्या मर्जीने चाले. त्या वर्षीच्या कायद्याने तो लोकनियुक्त मंडळांकडे सोपविला. शेतमजूर जमीनदाराविरुद्ध उभा राहू शकला. विवाहित स्त्रियांनाही निवडणूक लढविण्याची मुभा मिळाली. ही लहानशी क्रांतीच होती. तथापि, कायद्याने खुर्ची दिली तरी तिजोरी दिली नाही. गावचे सभागृह, क्रीडांगण, दफनभूमी, भाजीपाल्याच्या वाफ्यांच्या जागा, रस्त्यावरचे दिवे एवढाच या संस्थांचा मुख्य व्याप राहिला. खर्चासाठी घरपट्टीत आपला वाटा मिळविण्याचा हक्क त्यांना आहे. वसुली मात्र वरची संस्था करते.

गावकऱ्यांना खरी चिंता असते ती बंद पडलेल्या बसची, गेलेल्या पोस्टाची आणि शेतात उठू पाहणाऱ्या नव्या वसाहतीची. यांपैकी कशाचाही निर्णय गावच्या हाती नाही. बांधकामाच्या अर्जावर गावचे मत मागविले जाते, पण ते मानण्याचे बंधन कोणावर नाही. विचारणा होते आणि निर्णय दुसरीकडेच होतो, तेथे उत्साह टिकावा कसा? अनेक गावांत जागांइतकेही उमेदवार पुढे येत नाहीत, याचे नवल वाटू नये.

याला दुसरी बाजूही आहे. गावाला पूर्ण नकाराधिकार दिला तर घर असलेले लोक घर नसलेल्यांची वाट अडवतील, ही भीती निराधार नाही. खेड्यात वाढलेल्या तरुणाला तेथेच घर परवडत नाही, हे वास्तव आहे. २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर सरकारने पंधरा लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले, ते उगाच नव्हे. म्हणूनच २०११ च्या कायद्याने काढलेला मार्ग शहाणपणाचा म्हणावा लागेल. गावाने आपला विकास आराखडा स्वतः करावा, सार्वमताने मंजूर करावा आणि पुढील निर्णयात त्याला कायदेशीर वजन असावे, अशी ती योजना आहे. वरच्या आराखड्याने ठरविलेली घरे गाव कमी करू शकत नाही; मात्र ती कोठे व कशी व्हावीत, यावर त्याचा शब्द चालतो. जबाबदारीसह दिलेला अधिकार तो हाच.

उलट वारा मात्र केंद्रीकरणाचा आहे. २०२३ मध्ये नॉर्थ यॉर्कशायरमधील सात जिल्हा मंडळे रद्द होऊन एकच विशाल मंडळ आले. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेने हाच मार्ग इतरत्र सुचविला. त्यात काटकसर असेल, पण निर्णयाचे दार खेड्यापासून आणखी लांब जाते. १८८२ मध्ये हिंदुस्थानात स्थानिक स्वराज्याचा ठराव करणाऱ्या लॉर्ड रिपन यांच्या पदवीतील रिपन हे गाव याच नॉर्थ यॉर्कशायरमध्ये आहे. कारभारातील तात्पुरत्या सोयीपेक्षा लोकांचे राजकीय शिक्षण मोलाचे, हा त्या ठरावाचा गाभा होता. तो आज त्यांच्याच परगण्यात आठवावा लागावा, हा इतिहासाचा काव्यगत न्याय होय.

जिल्हा मंडळे जाणार असतील, तर त्यांची काही कामे पैशासह गावाकडे आली पाहिजेत. एरवी पॅरिश कौन्सिल ही केवळ तक्रारी लिहून घेणारी कचेरी ठरेल. आणि अशा कचेरीत बसायला कोणी मते मागत नाही.