अल्पपरिचित कोणाला?

जगाच्या नकाशावरील 'अल्पपरिचित स्थळां'ची प्रवासवर्णने मराठी नियतकालिकांतून अलीकडे उदंड झाली आहेत. मुले परदेशी स्थिरावली, निवृत्तिवेतन हाती आले, सहल कंपन्यांनी लंडन-पॅरिसच्या पलीकडची दारे उघडली; मग जॉर्जिया, अझरबैजान, आइसलंड, व्हिएतनाम अशा देशांची वर्णने येऊ लागली. प्रवासाला आमचा विरोध नाही. आयुष्यभर संसाराचा गाडा ओढलेल्या माणसाने चार देश पाहिले तर त्यात कोणाचे वाईट वाटावे? आमचा आक्षेप त्या लेखनाला आहे आणि त्याहून अधिक 'अल्पपरिचित' या विशेषणाला आहे.

अल्पपरिचित म्हणजे कोणाला? बातुमी हे जॉर्जियातील बंदर तिथल्या कोळ्यांना, दुकानदारांना, शाळेत जाणाऱ्या पोरांना पुरते परिचित आहे. आपल्याला ते ठाऊक नव्हते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आपले अज्ञान हे स्थळाचे विशेषण कसे होऊ शकते? तरी ते सर्रास होते आणि अज्ञान जणू त्या गावाचाच गुण असल्यासारखे वर्णन पुढे सरकते: निसर्ग नयनरम्य, माणसे हसतमुख, रस्ते स्वच्छ, जेवण आपल्या जिभेला थोडे फिके.

हा अन्याय आम्हा बोथकरांना चांगला कळायला हवा, कारण तो आमच्यावरही होतो. हैदराबाद-नागपूर महामार्गावरून आत वळून पोचेराचा धबधबा पाहायला येणारा पुण्या-मुंबईचा प्रवासी बोथच्या बाजारात मराठी ऐकून चकित होतो. 'इथेही मराठी बोलतात?' हा त्याचा ठरलेला प्रश्न. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा तिकडे गेले, बोथ इकडे राहिले. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरची सोयरीक मात्र त्या रेषेने तुटली नाही. मराठी साहित्याच्या नकाशावर आम्हीच एक अल्पपरिचित स्थळ आहोत. तो प्रश्न ऐकून आम्हाला राग येतो. मग तीच नजर घेऊन परमुलखात हिंडणाऱ्या लेखनाचे कौतुक आम्ही कोणत्या तोंडाने करावे?

मराठी प्रवासलेखन असे उथळ नव्हते. 1857 च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात सापडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञाची दक्षिणा मिळवायला निघाले होते. स्थळे पाहण्याची हौस म्हणून नव्हे. म्हणूनच 'माझा प्रवास' या त्यांच्या पुस्तकात, जे 1907 साली छापले गेले, झाशीच्या वेढ्यातले भय आणि भूक खरी आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 साली अमेरिकेवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचे नावच पाहा: 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त मागून. आजच्या बहुतेक लेखांत लोकस्थिती गळाली आहे आणि प्रवासवृत्तही विमानतळ, हॉटेल व न्याहारी एवढ्यावर आले आहे. तेलुगू शेजाऱ्यांकडेही दाखला आहे. एनुगुल वीरास्वामय्या 1830 साली मद्रासहून काशीला निघाले ते हैदराबाद, निर्मळ, नागपूर या आमच्याच वाटेने. पुढच्या यात्रेकरूच्या उपयोगी पडावे म्हणून मुक्कामाची गावे, पाणी, रसद यांची नोंद ते करीत गेले. 'काशीयात्रा चरित्र' आजही वाचले जाते ते त्या नोंदींमुळे.

परकी भूमी पाहावी कशी, याचा धडा गिरवायला तर आमच्या जिल्ह्याबाहेर जाण्याचेही कारण नाही. जोडेघाटच्या डोंगरात 1940 साली कुमरम भीम मारला गेला. गोंड का पेटले हे समजून घेण्याची निकड त्यानंतर निजाम सरकारला वाटली. त्या काळात व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या डोंगरांत आले. ते मार्लवाईत राहिले, गोंडी शिकले. 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हा त्यांचा ग्रंथ 1948 साली निघाला. गोंड मुलांसाठी त्यांच्या पुढाकाराने शाळा सुरू झाल्या. त्या शाळांची गोंडी क्रमिक पुस्तके देवनागरीत, म्हणजे आपल्याच लिपीत, छापली होती, हे आज किती मराठी घरांना ठाऊक आहे? दुसरे नाव आपल्याच माणसाचे: सेतुमाधवराव पगडी. निलंग्यात जन्मलेला हा मुलकी अधिकारी आदिलाबादेत आला, गोंडी आणि कोलामी शिकला. त्याने गोंडीचे व्याकरण लिहिले. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. आदिलाबादचे पगडी मात्र अल्पपरिचितच राहिले.

यावर कोणी म्हणेल, 'आमच्या तालुक्यात पाहण्यासारखे आहे काय?' हा प्रश्न ऐकला की आम्हाला हसू येत नाही, चिंता वाटते. कडम नदीवर पोचेरा आणि कुंटाला असे दोन धबधबे आहेत. कुंटालाचे नाव शकुंतलेवरून पडले असे प्रवासी एकमेकांना सांगतात. तेलुगूत 'कुंट' म्हणजे तळे, हे विचारायला ते थांबत नाहीत. भाषा न येणाऱ्याला आख्यायिका पुरते. जैनथच्या देवळात परमार जगद्देवाच्या काळचा संस्कृत शिलालेख आहे. माळव्याच्या राजकुलाचे नाव इथे कसे आले, हे कोडे कोणत्या परदेशी किल्ल्याहून कमी आहे? पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाचे लोक त्यासाठी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घालतात, तो विधी 'भेटिंग'. परधान किकरी वाजवून गोंडांच्या कुळकथा गातात आणि त्या परधानांपैकी कित्येकांना मराठी येते. आंध जमातीची तर मायबोलीच मराठी. ही सगळी संपत्ती आमच्या अंगणात आहे आणि आमच्या भाषेतून तिच्यापर्यंत वाट जाते.

खरे कारण वेगळे आहे, आणि ते स्पष्ट बोलले पाहिजे. दूरचा देश आपल्याला काही विचारत नाही. आइसलंडचा हिमनग पाहून परतणाऱ्याकडे कोणी हिशेब मागत नाही. इंद्रवेल्लीचा स्मृतिस्तंभ मात्र विचारतो. 20 एप्रिल 1981 रोजी तिथे पोलिसांच्या गोळीबारात गोंड माणसे पडली. सरकारी आकडा तेरा. त्या असंतोषाच्या मुळाशी जमीन होती. डोंगरातली जमीन मूळ कसणाऱ्यांच्या हातून बाहेरून येऊन वसलेल्यांकडे कशी गेली, हे हायमेनडॉर्फ यांनी लिहून ठेवले आहे. त्या वसणाऱ्यांत तेलुगू होते, लंबाडा होते, मराठीही होते. घराजवळच्या स्थळाचे वर्णन करायला बसले की आपण इथे कसे आलो हा प्रश्न टाळता येत नाही. दूरचे अल्पपरिचित आवडते ते बहुधा यासाठी की जवळचे परिचित अवघड असते.

दुसरा आक्षेप असा की प्रवासाने दृष्टी विशाल होते. होते, पण तिकिटाने नव्हे. जॉर्जियात जाऊन आलेल्या लेखकाला तिथल्या भाषेची स्वतंत्र लिपी दिसली असेल. चाळीस लाखांहून कमी लोकवस्तीच्या त्या देशाने ती शतकानुशतके कशी टिकवली, हे त्याने विचारले असते, तर तोच लेख बोथच्या मराठी घरांना उपयोगी पडला असता. आमची नातवंडे शाळेत तेलुगू-इंग्रजी शिकतात आणि मराठी स्वयंपाकघरापुरती उरत चालली आहे. असा प्रश्न घेऊन गेलेल्या माणसाचे प्रवासवर्णन आम्ही रात्र जागून वाचू.

म्हणून अशा पत्रिकांच्या संपादकांना आमचे सांगणे थोडे आहे. प्रवासलेख हाती आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत. तिथल्या एखाद्या माणसाशी लेखक सहल-मार्गदर्शकाखेरीज बोलला काय? त्या स्थळाला तिथले लोक कोणत्या नावाने हाक मारतात, हे त्याने टिपले काय? तिथल्या लोकांची चूल कशावर पेटते, हे त्याला कळले काय? एकाचेही उत्तर नसेल तर लेख साभार परत करावा, लेखक कितीही आदरणीय असो. आणि प्रत्येक अंकात काही पाने आपल्या मुलखासाठी राखावीत: बोथचा आठवडी बाजार, कापसाचा व्यवहार, जैनथ, केसलापूर, किनवटच्या सोयरिकी.

मराठी, तेलुगू, उर्दू आणि थोडीबहुत गोंडी अशा चार भाषांत वावरलेली पिढी आमच्या घरांतून एकेक करून उठून जात आहे. तिने पाहिलेला मुलूख पुणे लिहिणार नाही, हैदराबादही लिहिणार नाही. तो आम्हीच लिहायचा आहे. आइसलंडवर लिहायला आइसलंडची माणसे समर्थ आहेत.