प्रजेचाही एक कोश हवा

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास, त्यांच्या आज्ञेवरून, रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला. दरबारी रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हे त्याचे प्रयोजन होते. राज्य बदलावयाचे तर शब्दही बदलावे लागतात, हे त्या राजाने ओळखले होते. आधुनिक राज्यकर्त्यांनीही ते ओळखले आहे. मात्र पुष्कळदा त्यांनी शब्द बदलले ते व्यवहार झाकण्यासाठी. म्हणून राज्याप्रमाणे प्रजेचाही एक कोश असावा असे मला वाटते. अशा काही खासगी व्याख्या मी एका वहीत टिपीत आलो आहे. त्यांतील थोड्या वाचकांपुढे ठेवतो.

सार्वजनिक प्रयोजन : ज्यात आपली जमीन येते, पण आपण येत नाही ते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने हा शब्द देशभर पोचविला. मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी याच कायद्याने टाटांच्या वीजप्रकल्पासाठी घेतल्या गेल्या आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. वीज मुंबईला गेली, भातखाचरे पाण्याखाली गेली. २०१३ च्या नव्या कायद्याने जुना कायदा रद्द केला. शब्द मात्र तोच राहिला.

शिस्त : लावणाऱ्याने सोडून इतरांनी पाळावयाची गोष्ट. १९७५ च्या आणीबाणीत ‘अनुशासन पर्व’ हे शब्द भिंतीभिंतीवर झळकत होते. त्या पर्वात एक लाखाहून अधिक माणसे खटल्यावाचून तुरुंगात होती.

संरक्षण : युद्धाचे सभ्य नाव. १९४७ साली अमेरिकेत ‘युद्धखाते’ हे नाव मोडीत निघाले आणि १९४९ पासून ‘संरक्षणखाते’ रूढ झाले. त्यानंतर तेथील काँग्रेसने रीतसर युद्ध एकदाही पुकारलेले नाही. तरीही कोरिया, व्हिएतनाम आणि इराक येथील स्मशाने भरली. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जुने नाव पुन्हा वापरण्याचा आदेश काढला. हेतू काहीही असो, निदान एका शब्दापुरता खरेपणा परत आला म्हणावयाचे!

शांतता : स्फोटकांना लावावयाचे विशेषण. दहा अण्वस्त्रे वाहून नेऊ शकणाऱ्या क्षेपणास्त्राला रेगन यांनी १९८२ साली ‘शांतिरक्षक’ असे नाव दिले. आपण हसण्याचे कारण नाही. १९७४ साली पोखरण येथे आपण जो केला, तोही ‘शांततामय’ अणुस्फोटच होता.

आनुषंगिक हानी : ज्यांची नावे विचारण्याची कोणास गरज वाटली नाही असे मृत.

मोफत : ज्याची किंमत शेजारच्या वस्तूत आधीच मिळविली आहे ते.

जुनीच किंमत : साबणाची वडी झिजविण्याचे काम गिऱ्हाइकाच्या आधी कारखान्याने केल्याची सूचना.

भागीदार : नफ्यात नसलेला, पण पावसात असलेला माणूस. घरपोच अन्न आणणाऱ्या तरुणाला कंपन्या ‘पार्टनर’ म्हणतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही अशा कामगाराची व्याख्या ‘मालक-नोकर या पारंपरिक संबंधाबाहेर काम करून कमावणारा’ अशीच केली आहे. संहितेत त्याच्यासाठी कल्याणकारी योजनांची तरतूद आहे, हे मान्य. परंतु त्या एका ‘बाहेर’ या शब्दाने किमान वेतनाचा आणि भरपगारी रजेचा हक्क उंबऱ्यापलीकडे ठेवला.

येथे विनोद संपतो. व्याख्या ही पंडितांची करमणूक नव्हे. कोणाला नुकसानभरपाई मिळावी, कोणाचा मृत्यू मोजला जावा, अपघातानंतर कोणाच्या घरी पैसे पोचावेत, हे व्याख्येच्या एका ओळीवर ठरते. जो त्या ओळीत बसत नाही, त्याचे दुःख खरे असूनही कायद्याच्या दृष्टीने घडलेलेच नसते.

मग आपण स्वतः निर्दोष आहोत काय? माझ्या वहीत एक पान आपल्यासाठीही आहे. ऐक्य : पुढील फुटीची पूर्वतयारी. १९५२ ते १९७२ या वीस वर्षांत समाजवादी किती वेळा एकत्र आले आणि किती वेळा विभक्त झाले, हे ज्येष्ठ वाचकांस सांगावयास नको. जनता : जिच्या वतीने आपण बोलतो आणि बोलण्याच्या ओघात जिला विचारावयाचे राहून जाते ती. ही दोन टिपणे लिहिताना हात जड झाला. पण ती गाळली असती तर उरलेल्या कोशाला काय किंमत राहिली असती?

अमेरिकी यादवी युद्धात लढलेल्या अँब्रोज बिअर्सने अशा उपरोधिक व्याख्यांचा ‘सैतानाचा शब्दकोश’ १९११ साली प्रसिद्ध केला. आपल्या कोशाला सैतानाची गरज नाही. एक वही आणि एक प्रश्न पुरे. वर्तमानपत्रात एखादा भारदस्त शब्द आला की त्याच्यापुढे लिहावे : याचा खर्च कोणी भरला? उत्तरादाखल ज्याचे नाव येईल, त्याला विचारूनच त्या शब्दाची व्याख्या करावी.