दुसऱ्याचें गाणें ऐकावें कसें?

"गुरुजी, पोरांना मुसलमानाचें आणि किरिस्तांवाचें गाणें कशाला ऐकवितां? आपलीं गाणीं काय कमी आहेत?" असा सवाल एका पालकानें आम्हांस केला. सवाल करणारा माणूस सरळ आहे, म्हणून उत्तर चारचौघांत देतों.

हा गृहस्थ भजनी मंडळांत पेटी वाजवितो. पेटी युरोपांतून आली. आतां ती इतकी आपली झाली आहे कीं तिच्यावांचून एकादशीचें भजन उभें राहत नाहीं. वरातीपुढें वाजणारा क्लॅरिनेट तरी कोणत्या पोथींत सांगितला आहे? वाद्य परकें चालतें, मग तें ज्याच्या घरून आलें त्याचें गाणें ऐकावयास काय हरकत आहे?

दुसरें एक वाक्य आमच्याकडे याहून जास्त ऐकूं येतें. रेडिओवर कोणी ख्याल गाऊं लागला कीं घरधनी म्हणतो, "बंद कर तें आ आ, तें मोठ्या लोकांचें गाणें." हें वाक्य तर आम्हांस फारच झोंबतें. अहो, तंबोऱ्याचा भोपळा कोठें पिकतो? पंढरपूरकडच्या शेतांत. तो मिरजेस जातो. तेथें ज्यांचे पूर्वज शिकलगार होते, तलवारी-भाले घडवीत होते, त्या घरांतले कारागीर त्याचा तंबोरा करितात. हत्यारांचें गिऱ्हाईक गेलें तेव्हां एकोणिसाव्या शतकांत फरीदसाहेब प्रभृतींनीं हा धंदा धरिला. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. भोपळा शेतकऱ्याचा, हात कारागिराचा, तबल्याचें कातडें कमावणारा आमच्यांतलाच, आणि त्यांतून निघणारा सूर तेवढा मोठ्या लोकांचा! शाळेंत पोरानें असा हिशेब मांडला तर आम्ही पाटी पुसून पुन्हां मांडावयास लावूं.

कोणी म्हणेल, वाद्य घडविणें निराळें व गाणें समजणें निराळें. पण समजणें म्हणजे तरी काय? कुंभार मडक्यावर टिचकी मारतो आणि तडा डोळ्यांस दिसण्यापूर्वीं ओळखतो. तांबट घण कोठें चुकला तें आवाजावरून सांगतो. हा कान आईच्या पोटांतून येत नाहीं. रोज लक्ष देऊन तो तयार होतो. मडकें विकावयाचें असतें म्हणून तेथें आपण लक्ष देतों. गाण्यापुढें मात्र सुपारी कातरीत, गप्पा मारीत बसतों, आणि कांहीं कळलें नाहीं कीं दोष गाण्याला देतों.

मुंबईंत गिरगांवांत १९२५ सालीं प्रो. बा. र. देवधर यांनीं संगीताची शाळा काढली. हे मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. एवढ्यावर ते थांबले नाहींत. इंग्रजी संगीत शिकले, निरनिराळ्या घराण्यांच्या खाँसाहेबांपुढें बसले, त्यांच्या चिजा व गोष्टी टिपून ठेविल्या. त्यांच्याकडे बेळगांव जिल्ह्यांतला एक कानडी मुलगा शिकावयास आला, तोच पुढें कुमार गंधर्व. १९४७ सालानंतर त्यांस क्षयानें गांठलें, गाणें बंद झालें. माळव्यांत देवासला ते कित्येक वर्षें अंथरुणावर पडून होते. त्या पडलेल्या माणसानें काय केलें? आसपासच्या खेडुतांचीं, बायाबापड्यांचीं माळवी गाणीं ऐकलीं. वरवर नव्हे, कोणता सूर कोठें वळतो, कोठें थांबतो, हें पाहिलें, तीं लिहून घेतलीं, व बरे झाल्यावर त्यांतून नवे राग उभे केले. दळणकांडण करणाऱ्या बाईचें गाणें ज्यास मोठें वाटलें तोच मोठा गवई झाला, ही गोष्ट आमच्या घरधन्यानें ध्यानांत घ्यावी.

शाहू छत्रपतींनीं अल्लादियाखाँस कोल्हापूरच्या दरबारीं ठेविलें, तेव्हां त्यांची जात वा धर्म विचारिला नाहीं. खाँसाहेब पुढें मुंबईस राहिले, १९४६ सालीं तेथेंच वारले. त्यांच्या शिष्या गोव्याच्या केरी गांवच्या केसरबाई केरकर. ज्यांच्या घरचें गाणें ऐकावयाचें पण ज्यांस पंक्तीस घ्यावयाचें नाहीं, अशा कलावंतांच्या समाजांतल्या या बाई. अमेरिकेनें १९७७ सालीं व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें आकाशांत सोडलीं, त्यांच्याबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची तबकडी धाडली. तींत जर्मनीचा बाख आहे, पेरूमधलें लग्नाचें गाणें आहे, आफ्रिकेचे ढोल आहेत आणि केसरबाईंची भैरवी आहे. पहिलें व्हॉयेजर सुटलें त्याच सप्टेंबर महिन्यांत बाई वारल्या.

आतां ऐकावें कसें? ख्याल असेल तर शब्दांचा अर्थ शोधूं नये. आधीं मागचा तंबोराच ऐकावा. गवई त्यापासून दूर जातो व परत येतो, तेवढेंच पाहावें. दुसऱ्या वेळीं बोटांवर तीनतालाच्या सोळा मात्रा मोजाव्या. गवई समेवर आला कीं मान आपोआप हलते; हललीच पाहिजे असें नाहीं. चर्चमधलें गाणें निराळें. तेथें तीन-चार आवाज एकाच वेळीं निरनिराळे सूर धरतात, म्हणून आमच्या कानास प्रथम गोंधळ वाटतो. अशा वेळीं सर्वांत खालचा, जाड आवाज धरून चालावें; मग वरचे आवाज त्यावर कसे बसविले आहेत तें दिसूं लागतें, जसें जोत्यावर घर. हिंदी चित्रपटांतलीं जुनीं गाणीं आपण सारे गुणगुणतों. त्यांतले व्हायोलिनचे ताफे बसविणारे सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे गोव्याचे ख्रिस्तीच होते. तेव्हां हें गाणें घरांत कधींच शिरलें आहे, फक्त त्याला कोणीं ओळख विचारिली नाहीं.

लालबाग-परळच्या चाळींत एका भिंतीपलीकडे कोंकणी माणसाचा शक्ति-तुरा, दुसऱ्या भिंतीपलीकडे घाटावरच्याची लावणी, असें गिरणीकामगारांनीं वर्षानुवर्षें ऐकलें. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गव्हाणकर यांचें लाल बावटा कलापथक १९४४ सालीं निघालें, तें अशाच तयार कानांपुढें उभें राहिलें. आज मिरवणुकींत भिंतीएवढे कर्णे लावून जें वाजवितात, त्यांत ऐकण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. छाती हादरते आणि कान झोपतो. त्याची तक्रार कोणी पालक घेऊन येत नाहीं, हें आश्चर्य.

आमच्या शाळेंत शनिवारीं शेवटच्या तासाला पोरांस एकच गाणें लागोपाठ तीनदां ऐकवितों, व प्रत्येक वेळीं काय नवें ऐकूं आलें तें पाटीवर लिहावयास सांगतों. येत्या शनिवारीं सनई आहे. त्यानंतरच्या शनिवारीं चर्चचें गायन. पालकांनीं यावें; पाटी व पेन्सिल शाळेकडून मिळेल.