ऊस हिरवा, पण मैदान कुठं?

दोस्तांनो, आषाढी वारीत ज्ञानेश्वर माऊलींची पालखी नातेपुत्याहून माळशिरसला येते, तेव्हा वाटेत सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याला गोल रिंगण होतं. दुसऱ्या दिवशी वेळापूरच्या वाटेवर खुडूस फाट्याला पुन्हा रिंगण. अश्व धावतात, पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या आयाबाया धावतात. साठीतली आजीसुद्धा पदर खोचून धावते! आता सांगा, हे रिंगण एखाद्या बोळात भरवता येईल का? छे! पळायची हौस आपली आपण आणतो, जागा मात्र गावानं राखून ठेवावी लागते.

आज गप्पा मारू या त्या जागेविषयी, आणि तिचा आपल्या वजनाशी काय संबंध, त्याविषयी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं १९९० साली जगातल्या ५ ते १९ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ८ टक्के मुलांचं वजन प्रमाणाबाहेर होतं. २०२२ साली हा आकडा २० टक्क्यांवर गेला. म्हणजे पाचात एक! "हे सगळं परदेशातलं हो, आमचा बाळ्या तर काडीपैलवान आहे," असं कुणी म्हणेल. जरा थांबा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. गंमत अशी, की आपली बाळं हडकुळी असूनही त्यांच्या अंगातली चरबी तेवढी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. तेव्हा नुसतं बारीक दिसणं म्हणजे तंदुरुस्त असणं नव्हे. स्नायू कमवायचे तर अंग हलवायलाच हवं, जाड्यानंही आणि काडीपैलवानानंही.

किती हलवायचं? ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटं, दम लागेल असं. लगोरी, खो-खो, लंगडी, सायकल, काहीही चालेल.

इथंच मैदान येतं. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या १२ गावांमधल्या ३,१७३ मुलांवर संशोधकांनी आठ वर्षं नजर ठेवली. सुरुवातीला मुलं ९-१० वर्षांची होती, शेवटी १८ वर्षांची झाली. २०११ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या घरापासून ५०० मीटरच्या आत बाग किंवा उद्यान होतं, त्यांच्यात वजन प्रमाणाबाहेर वाढण्याचा धोका कमी दिसला. म्हणजे बागेशेजारी राहिलं की माणूस आपोआप सडपातळ होतो, असं मात्र नाही हं! घरात काय शिजतं, बाहेर काय खाल्लं जातं, याचाही त्यात वाटा असतो. ३०० मिलिलिटर गोड शीतपेयात साधारण ३० ग्रॅम साखर असते, चांगले सहा-सात चमचे. चाळीस किलोच्या मुलाला ती खर्च करायला पाऊण तास पकडापकडी खेळावी लागेल. मैदान काही जादूचा दिवा नव्हे. पण ते जवळ असलं की पाय तिकडे वळतात, आणि लांब असलं की टीव्ही आणि मोबाइल जवळचे वाटतात.

"मग आम्हाला काय काळजी? माळशिरस तालुक्यात तर हिरवंगार आहे!" खरं आहे. नीरा उजव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, साखर कारखाने आले. पण उसात कधी क्रिकेट खेळलात का? चेंडू गेला की पानं कापतात आणि मालकाची हाक येते ती वेगळीच. हिरवं दिसतं ते सगळं मोकळं नसतं. खेळायला हवी ती सगळ्यांची जागा, जिथं कुणी "ए, चला इथून" म्हणणार नाही. त्यातून आपला जिल्हा कमी पावसाचा आणि कडक उन्हाचा. इथं बाग म्हणजे पाणी पिणारी हिरवळ कशाला हवी? कडेनं कडुनिंब, चिंच, वड लावले आणि मधे माती मोकळी ठेवली, तरी झकास मैदान होतं. झाडाची सावली असेल तर उन्हाळ्यातही चार वाजता खेळ सुरू होऊ शकतो.

आईबाबांनो, आता थोडं तुमच्याशी. गाव वाढलं की सगळ्यात आधी मोकळी जागा जाते, कारण ती 'रिकामी' दिसते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार शहराचा विकास आराखडा तयार होतो. त्यात मैदानासाठी, बागेसाठी जागा आरक्षित ठेवता येते. मसुदा जाहीर झाला की नागरिकांना ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना देता येतात. पण नकाशावर हिरवा रंग दिला म्हणजे काम झालं नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण रद्द होतं. मुलं मोठी होईपर्यंत मैदान कागदावरूनही गेलेलं असतं! शाळेपुरतं म्हणाल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान आवश्यक ठरवलं आहे.

आणखी एक गोष्ट. संध्याकाळी मैदानावर नजर टाका आणि मुली किती आहेत ते मोजा. सातवी-आठवीत गेली की, "आता काय खेळतेस? घरात बघ जरा," असं पुष्कळ मुलींना ऐकावं लागतं. दादाची बॅट आणि ताईचा झाडू! मैदान दारात असूनही तिला जाता येत नसेल, तर तिच्यासाठी ते शंभर कोसांवरच आहे. दिवा हवा, स्वच्छतागृह हवं, आणि घरातून "जा, खेळून ये" हे तीन शब्द हवेत.

आणि दोस्तांनो, एक अट तुम्हालाही. वर्गातल्या एखाद्या जाड मुलाला चिडवायचं नाही. चिडवलं की तो खेळायचं सोडतो, मग त्याचं वजन आणखी वाढतं. त्यापेक्षा त्याला आधी आपल्या गटात घ्या.

या रविवारचा उद्योग : घरापासून जवळच्या मोकळ्या जागेपर्यंत पावलं मोजत जा. तुमची दहा पावलं किती मीटर भरतात, ते आधी टेपनं मोजून ठेवा. अंतर ५०० मीटरच्या आत येतं का? तिथं झाडं किती, सावली किती, मुली किती? सगळं वहीत लिहा आणि त्याची एक प्रत तुमच्या नगरपंचायतीला किंवा ग्रामपंचायतीला नेऊन द्या. खाली सगळ्या वर्गाच्या सह्या असू द्यात!